सहावी ब आणि माझं बाष्पीभवन

सहावी ब या वर्गाला मी शिकवायला गेलो तेव्हा त्या वर्गाला शिकवण्यासारखं काही शिल्लकच राहिलेलं नव्हतं. न्हाव्याच्या दुकानात नवीन पोराचा हात बसावा म्हणून एखादं गरीब डोकं पुढे करतात ना, तसं आमच्या बी.एड. कॉलेजनं हे डोकं धरलेलं होतं. जुलैपासून आमच्यातला जो उठेल तो तिथं जाऊन वस्तरा चालवून यायचा. फेब्रुवारी उजाडेपर्यंत त्या पोरांना आमच्या शिकवण्याची अशी काही सवय झाली होती, की आमच्या कॉलेजनं पदव्या आम्हाला न देता थेट त्यांनाच वाटल्या असत्या तरी शिक्षण खात्याचं काहीएक बिघडलं नसतं.

पण आधी मी तिथवर कसा पोचलो ते सांगतो.

आम्ही जेऊरकडचे. घरी केळी. बी.एस्सी. झाल्यावर मी वर्षभर केळीच्या बागेत हिंडून झाडांना चांगलं वळण लावलं. आबा ते सगळं बघत होते. एक दिवस म्हणाले, "तुला बोलायला लागतं का काम करायला लागतं?"

मी म्हटलं, "बोलायला."

"मग मास्तर हो. पण येकदाच फी भरीन. पास झालास तर मास्तर. न्हाय झालास तर हितं केळीत ये आन् तोंड मिटून काम कर."

तोंड मिटून. केळीची मला भीती नव्हती, या दोन शब्दांची होती. शेजारच्या वस्तीवरच्या लोकांना विचारा, मी लहानपणी रडलो की करमाळ्याच्या बाजारात भाव थांबायचे, म्हणजे बोली लावणाऱ्यांना एकमेकांचं ऐकूच यायचं नाही. असा माणूस तोंड मिटून जगला तर किती दिवस जगेल?

तर मी सोलापूरला आलो, जुळे सोलापुरात मामींकडे उतरलो (मामाही होते, पण त्या घरात उतरायचं म्हणजे मामींकडेच उतरायचं) आणि शिक्षक व्हायला लागलो.

पहिल्याच आठवड्यात आमच्या मॅडमनी 'आदर्श शिक्षकाचे गुण' उतरवून दिले. मॅडम म्हणजे आमच्या विज्ञान पद्धतीच्या प्राध्यापिका. अंगानं बारीक, पण त्यांचं मत हत्तीच्या पायासारखं पडायचं. गुण उतरवून घेता घेता दोन तास गेले. शिक्षक संयमी असावा. वक्तशीर असावा. निःपक्षपाती असावा. निर्व्यसनी, नीटनेटका, अभ्यासू, मृदुभाषी, समाजाभिमुख असावा. त्याला विनोदबुद्धी असावी, पण आवश्यक तेवढीच. यादी संपली तेव्हा मला वाटलं, असा माणूस कुठं सापडला तर त्याला शाळेत पाठवण्याआधी त्याची मिरवणूक काढायला पाहिजे. आणि तो सापडला असता तर त्यानं आमच्या कॉलेजात प्रवेश तरी कशाला घेतला असता?

"आवाजात चढउतार हवा," मॅडम मला म्हणाल्या. माझ्या आवाजात चढ होता. उतार देवानं दिलाच नव्हता. मी पहिल्यांदा "मुलांनो" म्हटलं तेव्हा समोरच्या रस्त्यावरचे दोन रिक्षावाले "कुटं जायचंय?" म्हणत गेटपर्यंत आले होते.

मग सूक्ष्म अध्यापन सुरू झालं. ज्यांना हे माहीत नाही त्यांनी आपलं भाग्य समजावं. यात आपल्याच वर्गातली दहा थोराड माणसं बाकावर बसून सहावीची मुलं होतात आणि आपण त्यांना सहा मिनिटं शिकवायचं, तेही एका वेळी एकच कौशल्य. आज फक्त प्रश्न विचारायचे. उद्या फक्त फळ्यावर लिहायचं. परवा फक्त शाबासकी द्यायची. आमच्यात दोन लेकरांची आई असलेली एक ताई होती, ती फार जीव ओतून विद्यार्थिनी व्हायची. माझ्या पाठात करंगळी वर करून "सर, शूला जाऊ?" म्हणाली. मी संयमी, समाजाभिमुख वगैरे असल्यानं "जा" म्हटलं. ती जी गेली ती घरी जाऊन, भाकऱ्या थापून, पोरांना जेवू घालून परत आली, तरी माझी सहा मिनिटं संपली नव्हती.

शाबासकीच्या कौशल्याचा मी घरी कसून सराव केला. मामींनी आमटी वाढली की मी म्हणायचो, "शाब्बास! छान प्रयत्न!" दोन दिवस मामींनी ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मीठ कमी असेल तर सरळ सांग की रे. हे असं मास्तरासारखं टोचून बोलायचं नाही."

मास्तरासारखं! मला तर ही पहिली पदवी मिळाल्यासारखं वाटलं.

यानंतर सहावी ब. आमचा गणवेश फिकट राखाडी शर्ट आणि काळी पँट असा होता. शाळेच्या गेटवरच्या वॉचमनचाही तोच. त्यामुळे पहिल्या दिवशी एका पालकानं स्कूटर माझ्या अंगावर घालत विचारलं, "पार्किंग कुटं ओ?" मी त्यांना जागा दाखवली. मृदुभाषी असावं.

प्रत्येक पाठाला मागच्या बाकावर मॅडम बसायच्या, हातात निरीक्षणाचा कागद. त्या काय लिहितात यावर आमचा जीव टांगलेला. म्हणून आम्ही शिकवायचो सहावी बला आणि बोलायचो मागच्या बाकाशी. पोरं मध्ये बसलेली असायची. पण ती समजूतदार होती, मान थोडी बाजूला घ्यायची, आम्हाला मॅडम नीट दिसाव्यात म्हणून.

आता पाठाची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावर आहे. शिक्षकानं वर्गात गेल्या गेल्या विषय सांगून टाकायचा नसतो. आधी प्रस्तावना. म्हणजे मुलांना सोपे सोपे प्रश्न विचारत, बोट धरून पायरी पायरीनं एका अशा प्रश्नापाशी न्यायचं, की ज्याचं उत्तर त्यांना येत नाही. मुलं गप्प होतात. चेहऱ्यावर जिज्ञासा उमटते. मग शिक्षकानं विजयी मुद्रेनं म्हणायचं, "तर मुलांनो, आज आपण अमुक अमुक शिकणार आहोत." याला म्हणतात हेतुकथन. मॅडमचा दंडक होता, हेतुकथन मुलांच्या उत्तरांतून उगवलं पाहिजे, मास्तराच्या तोंडातून पडता कामा नये.

माझा पहिला पाठ बाष्पीभवनाचा होता. मी बॅगेतून ओला हातरुमाल काढला. अजून तोंड उघडलं नव्हतं. सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "बाष्पीभवन!"

मला घाम फुटला. तोही वाळत होता, पण त्याच्याकडे कोण बघतंय? पहिल्या बाकावर वर्गाची मॉनिटर बसायची. दोन वेण्या, आणि मुकादमासारखी नजर. तिनं मला समजावलं, "सर, ओला रुमाल म्हंजी बाष्पीभवन. फुगा म्हंजी हवंचा दाब. मेणबत्ती काडली की ज्वलन. कुंडी आणली असंल तर मग प्रकाशसंश्लेषण, पर त्ये सहावीला न्हाय, तरी पण येक बाई घिऊन गेल्या."

"मग पाणी कुठं गेलं, ते सांगा बरं," मी नेटानं म्हटलं.

"त्ये आमाला येत न्हाय," सगळा वर्ग पुन्हा एका सुरात. मग मॉनिटर हळूच, "आता तुमी 'आज आपण' म्हणा."

मॅडमनी कागदावर लिहिलं, प्रस्तावना परिणामशून्य. असे माझे पाठ होत गेले. फुगा फुटला. मेणबत्ती पंख्यानं विझली, पंखा बंद केला तर वर्गानं बंड केलं. वर्षाअखेरीस मॅडमनी मला बोलावून शांतपणे सांगितलं, की आतापर्यंतच्या गुणांवर मी पास होणं अवघड आहे. मात्र वार्षिक पाठ चांगला झाला, बाहेरून येणाऱ्या परीक्षकांनी बरे गुण दिले, तर निभावेल. नाहीतर नाही.

वार्षिक पाठाचे घटक मुख्याध्यापिकाबाईंनी शाळेच्या अभ्यासक्रमाप्रमाणे वाटून दिले. म्हणजे कॉलेजातल्या चलाख मंडळींनी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रातोरात चुंबक, पचनसंस्था, सूर्यमाला असली गुबगुबीत प्रकरणं पळवली. मी सकाळी मोबाईल उघडला तेव्हा फळीवर एकटं बाष्पीभवन पडलेलं होतं. वर्ग, अर्थातच, सहावी ब.

मी घाबरलो नाही. बेत रचला. रुमाल बघून पोरं ओळखतात ना? मग रुमाल न्यायचाच नाही! टॉवेल न्यायचा! एवढी अक्कल आमच्या बॅचमध्ये कुणाला नव्हती. मामींकडे पाहुण्यांसाठी ठेवलेला एक सोलापुरी टॉवेल होता. इतका जाड, की त्यानं एकदा अंग पुसलं की दोन दिवस तहान लागायची.

"कशाला हवाय?" मामींनी विचारलं.

"परीक्षेला."

"परीक्षेला अंघोळ असते का रे?"

मी त्यांना बाल्कनीत उभं करून प्रस्तावना म्हणून दाखवली. "मामी, ओले कपडे दोरीवर टाकले की काय होतं?"

"खाली पडतात. चिमटे लाव."

"पडले नाहीत तर?"

"तर वाळतात. आणि मग संध्याकाळपर्यंत कुणीही काढत नाही. ते बघ, तुझाच शर्ट कालपासून तिथं लोंबतोय."

"छान प्रयत्न," मी म्हटलं, आणि मामींनी टॉवेल परत मागितला. मोठ्या मिनतवारीनं सोडवला.

तरी मनात धाकधूक होतीच. टॉवेल बघूनही ओरडले तर? म्हणून आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत मी मॉनिटरला गाठलं. ती डबा खात होती. शेंगाचटणी आणि कडक भाकरी.

"सर, फायनल हाय का तुमचं?" तिनं चावत चावतच विचारलं.

"हो. उद्या."

"भाईरचे सर येणारेत?"

"हो."

"मग उत्तरं द्यायची का गप बसायचं?"

बघा, म्हणजे हा धंदा आमच्या आधीपासून चालत होता. मी म्हटलं, "गप्प बसायचं."

"उत्तराला येक चॉकलेट. गप बसायला दोन."

"गप्प बसायला जास्त? त्यात काय कष्ट आहेत?"

"उत्तर कसं, येकानं दिलं की भागतं. गप सगळ्या वर्गाला बसावं लागतंय की ओ. माज्याच्यानं त्यांना गप करायचं म्हंजी काय सोपं हाय?"

या युक्तिवादापुढे मी नमलो. सौदा ठरला. माझी सूचना मला आजही पाठ आहे, कारण तिनंच माझं वाटोळं केलं. मी म्हटलं, "मी टॉवेल काढला की कुणी एक शब्द बोलायचा नाही. मी 'आज आपण' म्हणेपर्यंत चिडीचूप."

"व्हय," ती म्हणाली. "बगाच तुमी."

दुसऱ्या दिवशी ऊन असं होतं की शाळेच्या मैदानातला झेंड्याचा खांब वाकलेला मी स्वतः पाहिला. परीक्षक आले. उंच, चष्मा खाली नाकावर, आणि चेहरा असा की हा माणूस जन्मल्यावर रडलाही नसेल, नुसतं निरीक्षण केलं असेल. ते मागच्या बाकावर बसले. शेजारी मॅडम. दाराजवळच्या खुर्चीत मुख्याध्यापिकाबाई. मी बॅगेतून टॉवेल काढला. तो एवढा भिजलेला की पहिल्या दोन बाकांच्या वह्या ओल्या झाल्या.

शांतता. एक पोरगं ओरडलं नाही. मला आनंदानं भरून आलं. सौदा पाळला होता.

मी विचारलं, "मुलांनो, माझ्या हातात काय आहे?"

शांतता.

आणि त्या क्षणी माझ्या लक्षात आलं, की प्रस्तावनेतल्या शेवटच्या प्रश्नाला मुलं गप्प हवी असतात. पहिल्या तीन प्रश्नांना उत्तरं हवी असतात. मी सगळंच विकत घेऊन बसलो होतो.

"बरं, हा टॉवेल कोरडा आहे की ओला?"

चाळीस-पन्नास चेहरे. त्यांच्यावर असं अज्ञान पसरलेलं, की पाणी नावाचा पदार्थ त्यांनी ऐकलाही नसावा. टॉवेलातून टपटप होत होतं. एवढाच आवाज.

"कोणत्या रंगाचा आहे?"

शांतता. शेवटी मी दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीला उभं केलं. "तुझं नाव काय गं?"

तिनं मॉनिटरकडे बघितलं. मॉनिटरनं मान किंचित हलवली, नाही. मुलगी ओठ घट्ट मिटून उभी राहिली.

मागं परीक्षकांनी काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. मॅडमनी डोळे मिटले. मुख्याध्यापिकाबाई आपल्या शाळेतल्या मुलांना आपलं नाव येत नाही हे बाहेरच्या माणसासमोर बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की मी परीक्षकांच्या हातून वाचलो तरी यांच्या हातून वाचणार नाही.

सरळ "आज आपण" म्हणून टाकावं? मग पोरं सुटली असती. पण मुलांच्या तोंडून एक अक्षर नाही आणि हेतुकथन मास्तराच्या तोंडातून धपकन पडलं, तर संपलंच. डोळ्यांपुढे केळीची बाग उभी राहिली, आणि तिच्यात मी, तोंड मिटून. मग जे तोंडातून सुटलं ते पाठ टाचणात, म्हणजे आधी लिहून दिलेल्या पाठाच्या आराखड्यात, नव्हतं.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "तुम्ही गप्प आहात ते बरोबरच आहे. ओल्या टॉवेलाबद्दल बोलायचंच काय? टॉवेल एकदा ओला झाला की ओलाच. आमच्या घरी मी दिवाळीला अंघोळ करून टॉवेल ठेवला. संक्रांत झाली. शिवरात्र झाली. परवा गावाला जाऊन आलो. अजून ओला."

तिसऱ्या बाकावर कुणीतरी नाकातून आवाज काढला.

"आमच्याकडे टॉवेल वाळतच नाहीत. आम्ही पिढ्यानपिढ्या ओल्या टॉवेलानंच अंग पुसतो. माझ्या पणजोबांचा टॉवेल आहे घरी. त्यावर आता शेवाळ आलंय. मागच्या आठवड्यात त्यात बेडूक निघाला."

मॉनिटरची मान आखडली होती. ती दोन चॉकलेटांना जागत होती बिचारी, पण तिच्या कपाळावरची शीर मला दिसत होती.

"आणि सोलापुरातही तसंच असणार," मी म्हटलं. "तुमच्या आईनं धुतलेले कपडे कधी वाळतात का? नाही ना?"

"वाळत्यात की ओ!" मॉनिटर फुटली. "अर्ध्या तासात वाळत्यात! काय बी सांगताय!"

"थापा!" मागून कुणीतरी.

"अय्यो, बेडूक म्हणे!"

"मी स्वतः बघितला," मी म्हटलं. "ट्रंक उघडली आणि उडी मारून बाहेर."

"ट्रंक?" मॉनिटर उभीच राहिली. "टॉवेल ट्रंकेत ठिवला हुता?"

"मग कुठं ठेवायचा? नीट घड्या घालून ठेवला होता."

"सर!" तिचा आवाज माझ्या वरचढ गेला. "घडी घातल्यावर कसं वाळंल? पसरावं लागतंय!"

"पसरल्यानं काय होतं?"

"वारं लागतंय की! ट्रंकेत वारं कुटं हाय?"

"ऊन पण पायजे," दुसरीकडून.

"ऊन नसलं तरी वाळतंय. आमच्या घरात सावलीत वाळतंय, फॅनखाली."

"पण हळू!"

"घडीचा वरचा भाग वाळतो, आतला नाही," ओठ मिटून उभी असलेली मुलगी म्हणाली. नाव न येणारी. तिला बोलता येत होतं, हे बघून मुख्याध्यापिकाबाईंनी खुर्चीत जरा मागे टेकून श्वास घेतला.

"बरं," मी म्हटलं, "समजा पसरला, वारं दिलं, ऊन दिलं. वाळला. मग त्यातलं पाणी गेलं कुठं?"

"बाष्पीभवनात!" एक पोरगा छाती काढून ओरडला, जणू ते जिल्हा परिषदेच्या शेजारचं एखादं ऑफिस आहे.

"म्हणजे कुठं?"

"वर."

"वर म्हणजे छताला? मग छत ओलं का नाही?"

आणि वर्ग गप्प झाला. ही शांतता निराळी होती, हिच्यासाठी मी एकही चॉकलेट कबूल केलं नव्हतं. मॉनिटर छताकडे बघत होती. सगळेच बघत होते. जुलैपासून ज्या शब्दानं त्यांनी आमच्यासारख्यांना लोळवलं होतं, त्या शब्दाच्या आत पाणी कुठं जातं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही त्या जागी 'आज आपण' म्हणून पुढं जायचो.

"हवेत मिसळतं का?" ती दुसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली. "पण मग हवा ओली झाली पायजे."

"होते ना," मागून एक आवाज आला.

आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. परीक्षक बोलले होते. त्यांनी चष्मा काढला होता. "आमच्याकडे होते. मी मूळचा मालवणकडचा. तुमचे सर म्हणतात ते बेडकाचं सोडा, पण श्रावणात आमच्याकडे टॉवेल खरंच वाळत नाही. पाऊस थांबलेला असला तरी नाही. कुबट वास मारायला लागतो."

"का ओ सर?" मॉनिटरनं त्यांनाही सोडलं नाही. "वारं नसतं काय तितं?"

"असतं."

"पसरत न्हाईत का?"

"पसरतो बाई!"

"मग का वाळत न्हाय?"

परीक्षक उठले. मधल्या वाटेनं पुढं आले. माझ्या हातातला खडू घेतला. फळ्याकडे वळले, थांबले, पुन्हा वर्गाकडे वळले. "तूच सांग. तुमच्या सोलापूरच्या हवेत आणि आमच्या हवेत काय फरक असेल?"

ती विचार करायला लागली. मी मध्ये बोललो नाही. माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ असावी. "तुमची हवा आधीच भरलेली असंल," ती सावकाश म्हणाली. "पाण्यानं. आमची मोकळी हाय. म्हणून आमची पटकन् घेती."

घंटा झाली.

पुढची दहा मिनिटं मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेली. परीक्षकांनी चष्मा पुन्हा घातला आणि ते पुन्हा परीक्षक झाले.

"हेतुकथन?"

"राहिलं सर."

"फलकलेखन?"

"खडू तुमच्याकडे होता सर."

मॅडम खोकल्या.

"मूल्यमापन नाही. गृहपाठ नाही. प्रस्तावना संपूर्ण तासभर चालली." ते पानं उलटत होते. "आणि तुम्ही मुलांना धडधडीत खोटं सांगितलंत."

"हो सर."

"ते पाठ टाचणात कुठंच नाही."

मी नीट ऐकलं ना, अशी शंका आली. आक्षेप खोट्यावर नव्हता. टाचणात नोंद नसण्यावर होता.

"लिहून द्या," ते म्हणाले. "टाचणाशिवाय मला गुण देता येत नाहीत."

मग मी त्यांच्यासमोर बसून टाचण दुरुस्त केलं. डावीकडच्या रकान्यात, शिक्षक कृती: 'शिक्षक ओल्या टॉवेलाविषयी बेडकासकट थाप मारतील.' उजवीकडच्या रकान्यात, विद्यार्थी कृती: 'विद्यार्थी विश्वास ठेवणार नाहीत.' मॅडमनी ते वाचलं. पेन मागितलं. बेडकासमोर 'आवश्यक तेवढा' असं घातलं आणि सही केली.

मी पास झालो. किती गुणांनी, ते विचारू नका. काठावर उभं राहायला जेवढी जागा लागते तेवढी मिळाली. फोनवर आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी शेजारी कुणाला तरी ओरडून सांगितलं, "झाला मास्तर! सुटलो म्हणा!" सुटलो आम्ही का केळी, ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. त्यांचे विज्ञानाचे सर मतदार यादीच्या कामावर गेले होते आणि ते कधी परत येतील हे यादीलाही माहीत नव्हतं. "सोमवारपासून सहावीचे तास घ्याल का? मानधनाचं बघू." शिक्षणाच्या क्षेत्रात 'बघू' या शब्दावर कित्येक संसार उभे आहेत. मी हो म्हटलं.

सोमवारी मी सहावी बमध्ये शिरलो. कोरडा, हातात काहीही नाही. पोरांनी माझ्या बॅगेकडे बघितलं, मग एकमेकांकडे. ओळखण्यासारखं काही दिसेना. मी फळ्यापाशी गेलो, सवयीनं मान वर करून मागच्या बाकाकडे बघितलं, आणि तिथं भिंत होती. कोणी नाही. कागद नाही. मला कुणाशी बोलायचं तेच कळेना. बघायला उरली होती ती पोरं, आणि ती फार जवळ होती.

मॉनिटरनंही मागं वळून पाहिलं. मग माझ्याकडे.

"सर, आज मागं कोण न्हाय?"

"नाही."

"कोण येणार बी न्हाय?"

"नाही."

तिनं उघडलेली वही मिटली. सगळ्या वर्गानं मिटली.

"मग आमी कसं वागायचं?"

"मलाही माहीत नाही," मी म्हटलं. "बसा."